जागा उरली तर

मुलांनो, तुम्ही अमेरिकेहून पाठवलेली विमानाची दोन्ही तिकिटं पोचली. त्यांवर आमची नावं आहेत आणि नावांपुढे जागांचे क्रमांकही छापलेले आहेत. तुमच्या आजोबांनी ती खिडकीशी नेऊन दोनदा वाचली आणि मला विचारलं, "या जागा आपल्याच आहेत ना? दुसऱ्या कुणाच्या तर नाहीत?" हे ऐकून तुम्ही फार हसलात असं तुमची आई फोनवर सांगत होती. हसायला माझी हरकत नाही. पण त्या प्रश्नामागे एक हकीकत आहे आणि ती तुम्हाला ठाऊक असावी, कारण माझं एक काम तुमच्याकडे आहे. ते शेवटी सांगते.

तेव्हा आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. आजोबा पॅसेंजर गाडीचे गार्ड होते. गार्डाचा डबा सगळ्यात मागे असतो. ड्रायव्हरला पुढचं दिसतं, गार्डाला मागे पडलेलं दिसतं. सगळे चढले की नाही ते पाहायचं, शिट्टी मारायची, हिरवं निशाण दाखवायचं आणि मग स्वतः चढायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांची एकच हौस होती, ती म्हणजे एकदा विमानात बसायचं. वरून आपली लाइन कशी दिसते ते त्यांना पाहायचं होतं. औरंगाबादहून मुंबईला जाणारं विमान पूर्णेवरून जात नाही, ते उलट दिशेला जातं, हे मी त्यांना नकाशा काढून दाखवलं होतं. ते म्हणाले, कुठली का असेना, लाइन ती लाइन.

तुमची आई त्या वेळी मुंबईला एका विमान कंपनीत तिकिटांच्या खिडकीवर नोकरी करत होती. लग्न झालेलं नव्हतं. तिच्या कंपनीचा नियम असा होता की नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलीच्या आईवडिलांना विमानात फुकट बसता येतं, पण जागा उरली तर. पैसे भरलेली सगळी माणसं बसली, काउंटर बंद झालं आणि तरीही खुर्ची रिकामी राहिली, तर ती तुमची. याला ते स्टँडबाय म्हणत. मुलीचं लग्न झालं की आईवडिलांचा हक्क संपतो आणि नवऱ्याचा सुरू होतो.

हे तिने आम्हाला कळवलं ते स्वतःचं लग्न ठरल्यावर. मुहूर्त वैशाखातला निघाला होता. म्हणजे आजोबांच्या हातात तीन महिने होते.

आजोबांना हा नियम समजावणं कठीण गेलं. रेल्वेचा पास म्हणजे त्यांच्या लेखी हक्क होता. पास आहे म्हणजे गाडी तुम्हाला घेऊन जाणार. गाडी निघून गेल्यावर तुम्ही फलाटावर उभे आहात आणि तरीही तुमच्या खिशात पास आहे, हे त्यांना अजिबात पटेना. "मग तो पास कसला?" ते विचारत. तुमची आई पत्रात लिही, "बाबा, तो पास नाही, ती आशा आहे." पुढे तिने सूचनांची यादी दिली होती. कपडे चांगले हवेत, कारण कर्मचाऱ्यांची माणसं गबाळी दिसलेली कंपनीला चालत नाहीत. काउंटरवर वाद घालायचा नाही. आणि आपण फुकट जातोय हे चारचौघांत बोलायचं नाही.

पहिली सूचना आम्ही पाळली. आजोबांनी पूर्णेच्या शिंप्याकडून राखाडी रंगाचा सफारी शिवून घेतला. तिसरी सूचना पत्र उघडलं त्याच दिवशी मोडली होती, कारण पत्र स्टेशनवर उघडलं गेलं. संध्याकाळपर्यंत इंजिनांच्या लोकोशेडमध्येसुद्धा ठाऊक झालं की गार्डसाहेब विमानानं चालले.

शुक्रवारच्या विमानाला गर्दी कमी आहे असं तुमच्या आईने कळवलं. तिथे माझ्या सासूबाई मधे आल्या. त्या जवळच्याच चुडावा गावच्या. शेतात जन्म गेलेला, पंचांग मात्र तोंडपाठ.

"शुक्रवारी पश्चिमेला कुणी जातंय व्हय? दिशाशूळ हाय."

मी म्हटलं, विमान पंचांग पाहून सुटत नाही.

"इमान न्हाई पाहत. तुमी पाहा."

यावर त्यांच्याकडेच तोड होती, प्रस्थान ठेवायचं. तुम्हाला हे माहीत नसणार. जायचा दिवस वाईट असला तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान घराबाहेर, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही फक्त तो पुढे चालू ठेवता. सासूबाईंनी गुरुवारी एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, आजोबांचा एक हातरुमाल आणि माझं एक ब्लाऊजपीस बांधलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. मग त्या बाहेर आल्या, पश्चिमेकडे पाहिलं आणि थांबल्या.

आमच्या ओळीत पश्चिमेला एकच क्वार्टर होतं. त्यात माझ्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांचं कुटुंब बौद्ध. सहा वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि सासूबाई एकदाही त्यांच्या उंबऱ्यापलीकडे गेल्या नव्हत्या. मी जात असे, चहाही घेत असे. घरी येऊन मात्र सांगत नसे. इतकं शिकून मी एवढंच केलं होतं, हेही लिहून ठेवते. बाईंचं माहेरचं घर नामांतराच्या दंगलीत जळलं होतं. हे त्यांनी मला एकदा पेपर तपासताना सांगितलं आणि पुढचा पेपर हातात घेतला.

"दुसरं कुठलं घर?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, यापुढे सिग्नलची केबिन आहे, नंतर सरळ परभणी.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "पश्चिम म्हंजे पश्चिम," त्या म्हणाल्या आणि मला पाठवलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "आमी हे प्रस्थान-बिस्थान मानत नाही, मॅडम. सामान म्हणून ठेवते. चालेल?"

मी म्हटलं, चालेल. सासूबाईंना एवढंच सांगितलं की ठेवलं.

शुक्रवारी पहाटे आम्ही गाठोडं उचलून निघालो. स्टेशनवर हार घातले गेले. मुंबईच्या नातेवाइकांसाठी लोकांनी चिवडा, पापड, सांडगे असं इतकं दिलं की विमान त्यानंच भरलं असतं. ड्रायव्हरने निघताना जरा जास्तच लांब शिट्टी दिली. दुपारी औरंगाबादला उतरलो आणि विमानतळावर सगळ्यांच्या आधी पोचलो.

आजोबा रांगेत पहिले उभे राहिले. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "काका, तुमचा नंबर शेवटी. बसून घ्या." आजोबा बसले, आणि मग सुरू झालं ते मोजणं. दारातून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे आमची एक खुर्ची गेली. एखादी टॅक्सी फाटकापाशी वळून परत गेली की आम्हाला बरं वाटे. समोर एक मोठं लग्नाचं वऱ्हाड उतरलं तेव्हा मी मुकाट्याने चिवड्याची पिशवी उघडली. विमान भरलं. काउंटरवरच्या माणसाने दुरूनच हात हलवून नाही म्हटलं.

परत येण्यात मोठी अडचण आम्हाला स्टेशनवर होती. लोक विचारत, "कसं होतं विमान, साहेब?" आजोबा खोटं बोलत नसत. ते म्हणत, "बाहेरून चांगलं आहे."

त्याहून मोठी अडचण दारात होती. सासूबाईंनी मला उंबऱ्यावरच अडवलं. तुम्ही या, पण गाठोडं आत आणायचं नाही. प्रस्थान एकदा बाहेर पडलं की प्रवास झाल्याशिवाय घरात येत नाही, आलं तर प्रवासच मोडतो. मी म्हटलं, प्रवास मोडलेलाच आहे, आम्ही दोघं इथे उभे आहोत.

"तुमी आलाव. प्रस्थान न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "म्हंजे अजून जायलाव तुमी."

तेव्हा गाठोडं पुन्हा बाईंच्या घरी गेलं आणि या वेळी राहायला गेलं. एक दिवस गेला, दोन गेले. सासूबाईंना तांदळाला मुंग्या लागतील अशी धास्ती पडली. त्या रोज सकाळी बाईंच्या दारात जाऊन बाहेरूनच विचारायच्या, "हाय का?" बाई आतून म्हणायच्या, "आहे, आजी." पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, की एवढी काळजी आहे तर स्वतः पाहून जा. सासूबाई आत गेल्या. गाठोडं गणिताच्या वह्यांशेजारी फळीवर ठेवलेलं होतं. त्यांनी ते खाली काढून गाठ तपासली आणि दमल्या म्हणून बसल्या. बाईंनी चहा केला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सासूबाईंनी कप तोंडाला लावलेला मला खिडकीतून दिसला. मी पुढचा कपडा दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून मुंग्यांची तपासणी बरोबर चहाच्या वेळेला होऊ लागली.

दुसऱ्यांदा आम्ही महिन्याने निघालो. या वेळी हार नव्हते. ड्रायव्हरने नेहमीएवढीच शिट्टी दिली. परभणीपर्यंत पोचलो आणि गाडी उभी राहिली, कारण विद्यापीठाच्या नावावरून बंद होता आणि पुढे रुळांवर माणसं बसलेली होती. आजोबांनी त्या गाडीच्या गार्डाला भेटून विचारपूस केली, लाल निशाण नीट लावलंय का तेही पाहिलं, आणि परत येऊन माझ्याशेजारी सफारीची घडी न मोडता बसले. विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही परभणी स्टेशनावरच होतो. वेळ झाली तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहून म्हटलं, "गेलं." मग उलट्या गाडीने पूर्णेला आलो.

गाठोडं परत घेताना बाई आजोबांना म्हणाल्या, "आमच्या नामांतरानं तुमचं विमान चुकवलं म्हणायचं."

"चुकलं कुठं?" आजोबा म्हणाले. "आम्हाला जागा कुठं होती?"

"जागेचंच तर भांडण आहे, साहेब," बाई म्हणाल्या. दोघंही हसले आणि गाठोडं फळीवर गेलं.

याच सुमारास बाईंनी वाचनालयातलं पंचांग आणून मला दाखवलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की प्रस्थान फार तर दहा दिवस टिकतं, मग पुन्हा ठेवावं लागतं. न मानणाऱ्या बाईंनी हे शोधलं आणि मानणाऱ्या सासूबाईंना ते ठाऊक नसेल हे मला पटत नव्हतं. "सांगू का आजींना?" बाईंनी विचारलं. आम्ही दोघींनी जरा विचार केला. सासूबाई बाईंच्याच घरात पाटावर बसून बाईंच्या सासरच्या गावची कुणी ओळखीची निघते का ते आठवून पाहत होत्या. पंचांग वाचनालयात परत गेलं.

तिसरी खेप शेवटची होती. लग्नाला बारा दिवस उरले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि घरात डाळी निवडायला बायका बसलेल्या होत्या. त्यांना तसंच बसवून आम्ही निघालो. एक दिवसासाठी का होईना मुंबईला जायचं आणि रेल्वेने लगेच परतायचं असं ठरलं होतं. तुमच्या आईला मी विचारलं होतं, तू लग्नाला कशी येणार? तिने लिहिलं, "रेल्वेने. मला मुहूर्त गाठायचाय."

त्या दिवशी विमानतळ रिकामा होता. येणाऱ्या प्रत्येक माणसामागे मी वहीत एक रेघ मारत गेले. काउंटरवरचा माणूस आता आम्हाला ओळखत होता. वेळ संपत आली तेव्हा तो स्वतः उठून आला. "काका, दोन आहेत. पाच मिनिटं. काउंटर बंद केलं की लिहून देतो."

आजोबा उभे राहिले. त्यांनी सफारी खाली ओढून सारखा केला. मी गाठोडं पर्समध्ये ठेवलं. आम्ही काउंटरपाशी गेलो. तो माणूस आमची नावं लिहू लागला. आजोबांचं नाव त्याने लिहून पूर्ण केलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आजोबांना सवय होती, उभे राहिले की मागे पाहायची. त्यांनी मागे पाहिलं. काचेच्या दाराबाहेर, फाटकाशी, एक रिक्षा थांबली होती. त्यातून एक म्हातारं जोडपं उतरलं आणि पळायला लागलं. माणसाच्या हातात मोठी बॅग होती, बाईच्या हातात स्वतःची एक चप्पल. आतून ते आमच्याखेरीज कुणाला दिसत नव्हते.

आजोबांचा उजवा हात वर गेला. सरळ, खांद्याच्या रेषेत, लाल निशाण धरल्यासारखा.

"थांबा," ते म्हणाले. "पॅसेंजर येतोय."

काउंटरवरच्या माणसाचं पेन थांबलं. त्याने दाराकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, त्यांची तिकिटं पक्की असली तर तुमची जागा जाईल. मी बंद करतोच आहे."

"माणूस पळतंय," आजोबा म्हणाले.

हात तसाच वर होता. मी तो धरून खाली ओढायला हवा होता. मी वहीत पाहत राहिले.

ते दोघं आले. तिकिटं पक्की होती. राखाडी सफारी आणि वर केलेला हात पाहून म्हाताऱ्याला आजोबा कंपनीचे अधिकारी वाटले. त्याने बॅग त्यांच्या हातात दिली. आजोबांनी ती उचलून वजनकाट्यावर ठेवली, पट्टा नीट आहे का पाहिलं, आणि त्या बाईंना म्हणाले, "सावकाश जा, आता सुटत नाही." त्यांनी आजोबांना आशीर्वाद दिला. आजोबांचं नाव लिहिलेला कागद काउंटरवरच्या माणसाने फाडला नाही. घडी करून त्यांच्या खिशात ठेवला.

बाहेर कुंपणाशी उभं राहून आम्ही विमान जाताना पाहिलं. ते वर चढून लहान झाल्यावर आजोबांनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं उशीर," ते म्हणाले. "आपल्यामुळं."

परतीच्या गाडीत, जालन्याला चहा घेतल्यावर मी विचारलं, "तुम्हाला जायचंच नव्हतं का?"

"जायचं होतं."

"मग?"

"तो पळत होता," ते म्हणाले. यापेक्षा जास्त स्पष्टीकरण मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डाळ निवडणाऱ्या बायकांनी कपाळाला हात लावले. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्या म्हातारीनं चप्पल घातली का मग?"

लग्न नीट पार पडलं. बाई आल्या होत्या, आणि सासूबाईंनी त्यांना हाताला धरून जेवायला आपल्याशेजारी बसवलं. पंगतीत कुणी वळून पाहिलं तर सासूबाई म्हणायच्या, "आमचं प्रस्थान हाय हिच्याकडं." याचा अर्थ कुणालाच कळत नसे, त्यामुळे पुढे विचारत कुणी नसे.

दुसऱ्या दिवशी तुमची आई आजोबांजवळ येऊन बसली. हातावरची मेंदी अजून ओली वाटावी इतकी गडद होती. ती म्हणाली, "बाबा, मी कंपनीला लग्नाचं अजून कळवलेलं नाही. रजा दहा दिवसांची आहे. तोवर तुमची नावं तशीच राहतील. या शुक्रवारी जाऊन या. कुणी विचारणार नाही."

आजोबा म्हणाले, "तुझं नाव मी माझ्या पासावरून कधी काढलं?"

"मला नोकरी लागली त्या दिवशी."

"कुणी विचारलं होतं का मला?"

तुमच्या आईला पुढचं समजलं. आजोबांनी मला कागद आणायला सांगितला. अर्ज इंग्रजीत हवा होता आणि घरात इंग्रजी माझंच चांगलं होतं. म्हणून माझ्या लेकीचं लग्न झालं आहे, सबब तिच्या आईवडिलांची नावं कमी करावीत, हे मी माझ्या हाताने, समास सोडून, स्वच्छ अक्षरात लिहिलं. तिने सही केली. आजोबांनी पाकीट स्वतः स्टेशनवर नेऊन मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या टपालाच्या डब्यात टाकलं आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले.

गाठोडं घरी आलं नाही. कसं येणार? प्रवास झालेला नव्हता. सासूबाई शेवटपर्यंत रोज ते पाहायला जात राहिल्या. बाई निवृत्त होऊन परभणीला राहायला गेल्या तेव्हा ते त्यांच्याबरोबर गेलं, सामान म्हणून.

तुमची तिकिटं आल्यावर आम्ही दोघं परवा परभणीला जाऊन आलो. बाईंनी कपाटातून गाठोडं काढलं. फडकं तेच होतं. मी गाठ सोडली तर तांदूळ पांढरेशुभ्र होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "दर वर्षी बदलते," त्या म्हणाल्या. "किडे होतात हो, मॅडम. बाकी काही नाही." आजोबांनी हातरुमाल काढून पाहिला, घडी घालून परत ठेवला आणि विचारलं, अमेरिका कुठल्या दिशेला? मी म्हटलं, आपण जातोय ते पश्चिमेलाच. म्हणजे नवीन प्रस्थान ठेवायची गरज नाही, असं ठरलं.

आता माझं काम. तुम्ही दिलेल्या जागा पुढच्या आहेत. त्या बदलून शेवटच्या रांगेतल्या घ्या. खिडकी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी चालेल, पण आमच्यामागे प्रवासी नकोत. तिथे आजोबांना बरं वाटेल. विमानाचं दार लागेपर्यंत मी त्यांचा उजवा हात धरून बसेन असं तुमच्या आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. आजोबांना हे अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, कुणी पळत येताना दिसलंच, तर मी हात धरून ठेवेन की सोडेन, हे मलाही आज सांगता येत नाही.